तीन गुणांचं गाणं

मागच्या वेळी आपण एका प्रश्नापाशी थांबलो होतो. अर्थ शब्दात असतो की शब्दाच्या वापरात? आज तोच प्रश्न पुढे न्यायचा आहे, पण उदाहरण जरा वेगळं घेतो. युरोपात दरवर्षी गाण्यांची एक स्पर्धा होते, युरोव्हिजन. तुमच्यापैकी काहींच्या नातवंडांनी ती पाहिली असेल. त्या स्पर्धेत पोर्तुगालचं काय झालं, हे आज सांगणार आहे.

आधी एक कबुली देतो. माझं अर्धं आयुष्य उत्तरपत्रिका तपासण्यात गेलं. मराठीत 'गुण' हा शब्द मोठा फसवा आहे बघा. परीक्षेत मिळतो तोही गुण आणि माणसाच्या अंगी असतो तोही गुण. मी वर्षानुवर्षं पहिला गुण देत राहिलो आणि मनात धरून चाललो की आपण दुसरा मोजतोय. पोर्तुगालच्या या गोष्टीनं मला तिथं अडवलं.

स्पर्धा 1956 साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो शहरात सुरू झाली, सात देशांना घेऊन. देश थेट भाग घेत नाहीत. त्यांच्या नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्था घेतात. प्रत्येक संस्था एक गाणं पाठवते, आणि इतर देश त्याला गुण देतात. आपल्याच देशाच्या गाण्याला मत देता येत नाही.

पोर्तुगाल यात आलं 1964 मध्ये, कोपनहेगनला. तेव्हा तिथं सालाझारची हुकूमशाही होती. वर्तमानपत्रं, पुस्तकं, गाणी, सगळ्यांवर सेन्सॉरची निळी पेन्सिल फिरायची. पहिल्या वर्षी अंतोनियो काल्व्हारियो या गायकानं जे गाणं म्हटलं, त्याचं नावच 'प्रार्थना' होतं. गुण मिळाले शून्य. त्याच रात्री एक माणूस फलक घेऊन थेट रंगमंचावर घुसला. फ्रँको आणि सालाझारवर बहिष्कार टाका, असं फलकावर लिहिलेलं होतं. म्हणजे पहिल्याच दिवशी देशाचं गाणं आणि देशाचं राजकारण एकाच मंचावर आलं.

1967 मध्ये एदुआर्दो नाशिमेंतो हा अंगोलात जन्मलेला कृष्णवर्णीय गायक पोर्तुगालतर्फे गायला. अंगोलात तेव्हा पोर्तुगालविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं. 'आमच्या राज्यात सगळे समान' हे चित्र सत्तेला सोयीचं होतं, आणि गाण्याचं नाव मात्र 'वारा बदलला'! 1973 मध्ये तर बैलांच्या झुंजीवरचं म्हणून जे गाणं गेलं, त्यात सगळ्या समाजव्यवस्थेची टिंगल होती. निळी पेन्सिल चुकवायची तर बैलाच्या आडून बोलावं लागतं. आपल्याकडे लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसंच हे.

आता 1974 कडे या. 6 एप्रिल, इंग्लंडमधलं ब्रायटन. पोर्तुगालकडून पाउलो दे कार्व्हाल्यो गायला. गाण्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'आणि निरोपानंतर'. प्रेम संपलंय, माणूस एकटा उरलाय, असं साधं विरहगीत. त्या वर्षीची गुणपद्धत जरा समजून घ्या. सतरा देश होते. प्रत्येक देशाचे दहा परीक्षक, आणि प्रत्येक परीक्षकाला एकच मत. म्हणजे पोर्तुगालच्या गाण्याला बाहेरचे 160 लोक मत देऊ शकत होते. दिलं तिघांनी. स्वीडनचा आबा हा गट 24 मतं घेऊन पहिला आला आणि जगप्रसिद्ध झाला. पोर्तुगाल आणखी तीन देशांबरोबर शेवटच्या जागेवर राहिलं.

हा तीनचा आकडा खोटा आहे का? अजिबात नाही. फक्त तो कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते पाहा. '160 पैकी किती जणांना आज हे गाणं सर्वांत जास्त आवडलं?' या प्रश्नाचं ते उत्तर आहे. दुसऱ्या क्रमांकावर किती जणांनी ठेवलं, हेसुद्धा तो सांगत नाही. आपण मात्र लगेच म्हणतो, गाणं पडलं.

पुढे अठरा दिवसांनी काय झालं? 24 एप्रिलची रात्र. लिस्बनच्या एका रेडिओ केंद्रावर अकराला पाच मिनिटं कमी असताना हेच गाणं लागलं. घरोघरी लोकांना काहीच वेगळं वाटलं नसणार. स्पर्धेतलं गाणं, रोजच लागायचं. पण छावण्यांमध्ये काही तरुण लष्करी अधिकारी घड्याळ समोर ठेवून त्याचीच वाट पाहत होते. हुकूमशाही उलथवण्याचा कट शिजला होता, आणि हे गाणं म्हणजे तयार राहा ही खूण होती. मध्यरात्रीनंतर, बारा वाजून वीस मिनिटांनी, दुसरं गाणं लागलं, झेका आफोन्सोचं 'ग्रांदोला'. त्याचा अर्थ : निघालो, आता माघार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत 48 वर्षांची हुकूमशाही कोसळली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची लाल फुलं खोवली.

आता इथं आपला प्रश्न येतो. शब्द तेच, चाल तीच. 6 तारखेला विरहगीत होतं, 24 तारखेला लष्करी आदेश झाला. अर्थ कुठून आला?

विट्गेनस्टाइन म्हणेल, वापरातून. पण त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त हाच मुद्दा मांडलाय. 'सूर्य मावळला' एवढंच वाक्य घ्या. गुराखी ऐकतो, गुरं घरी न्यायची वेळ झाली. अभिसारिका ऐकते, निघायला हवं. आणि सेनापती ऐकतो, हल्ल्याची वेळ झाली! वाक्य एकच, ऐकणारा कोण आणि प्रसंग कोणता, यावर व्यंग्यार्थ ठरतो. लिस्बनमध्ये त्या रात्री हजारो गुराखी होते आणि थोडेसे सेनापती.

कुणी म्हणेल, मग कुठलंही गाणं चाललं असतं की. नाही चाललं असतं. खुणेचं गाणं असं हवं होतं की ते लागल्यावर कुणाला शंका येऊ नये. क्रांतीचं गाणं लावलं असतं तर पोलीस सावध झाले असते. हे गाणं देशानं अधिकृतपणे परदेशी पाठवलेलं, सगळ्यांच्या कानावरचं, निरुपद्रवी. त्याचं साधेपणच कामी आलं. 'ग्रांदोला'चं उलट आहे. त्यात बंधुभावाचा, लोकांच्या सत्तेचा आशय आधीपासूनच होता आणि त्या रात्री तो उघड झाला. म्हणून मी म्हणतो, फक्त वापर नाही आणि फक्त शब्दही नाही. एका गाण्याला अर्थ प्रसंगानं दिला, दुसऱ्याच्या अर्थाला प्रसंग भेटला.

या क्रांतीचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. गोवा 1961 च्या डिसेंबरात मुक्त झाला, पण लिस्बनची हुकूमशाही ते मान्य करायलाच तयार नव्हती. ती गेली आणि त्याच वर्षी, 31 डिसेंबर 1974 ला, पोर्तुगालनं करार करून गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. हे गाण्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. मात्र ज्या रात्रीनं ते शक्य केलं, तिची सुरुवात या गाण्यानं झाली.

आणि स्पर्धा? ती आपल्या चालीनं चालत राहिली. 1975 मध्ये पोर्तुगालनं दुआर्ते मेंदिश याला पाठवलं. हा क्रांतीत सामील असलेला लष्करातला कॅप्टन. गाण्याचं नाव 'पहाट'. एकोणीस देशांत सोळावा आला. क्रांतीला जादा गुण नाहीत! पुढे 1996 चा सहावा क्रमांक हीच कितीतरी वर्षं पोर्तुगालची सर्वांत मोठी मजल होती. 2017 मध्ये कीव्हला साल्वादोर सोब्राल आला. हृदयाचा गंभीर आजार होता, म्हणून सुरुवातीच्या तालमींना त्याच्या जागी बहीण उभी राहिली. गाणंही तिचंच, लुईझा सोब्रालचं. ना दिव्यांचा झगमगाट, ना नाच. पोर्तुगीज भाषेतलं एक हळुवार गाणं. 758 गुण, पहिला क्रमांक. पदार्पणानंतर 53 वर्षांनी. वर्षअखेरीस त्याच्यावर हृदय-प्रत्यारोपण झालं. 2018 मध्ये स्पर्धा लिस्बनला भरली आणि यजमान पोर्तुगाल अंतिम फेरीत शेवटचं आलं.

तेव्हा गुण मोजू नयेत का? मोजावेत. मीही पुन्हा शिकवायला बसलो तर मोजीनच. सोब्रालचे 758 खरे आहेत आणि पाउलोचे तीनही खरे आहेत. फक्त गुणपत्रिकेवर लिहिलेला गुण हा त्या दिवसाचा, त्या प्रश्नाचा असतो. गाणं तिथं संपत नाही, ते पुढे कुणाच्या कानी पडेल हे परीक्षकाला ठाऊक नसतं. विद्यार्थ्याचंही तसंच. काठावर पास केलेल्या काही मुलांची मला आता आठवण येते, आणि लाल शाईनं लिहिलेला तो आकडा मी जरा जास्तच ठामपणे लिहिला होता, असं वाटतं.

पुढच्या वेळी मम्मटाचा हा व्यंग्यार्थ जरा तपशिलात पाहू. प्रश्न असतील तर आता विचारा.