एकादशीचं ताट आणि शॉन शर्मनचा स्वयंपाक

येत्या एकादशीला ताटाकडे जरा नीट बघा. साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणे, राजगिरा, हिरवी मिरची. या साऱ्यांचं माहेर अमेरिका खंड! तिथल्या मूळ रहिवाशांनी हजारो वर्षं जोपासलेली ही पिकं कोलंबसानंतर जहाजांतून जगभर गेली, आपल्याकडे आली आणि चक्क उपवासाला चालू लागली. आपल्या कडक सोवळ्यात ही पाहुणेमंडळी कशी शिरली, तो वेगळ्या लेखाचा विषय. (आजीला विचारून बघा.)

ज्यांनी जगाला हे दिलं, त्यांच्या स्वतःच्या ताटाचं मात्र काय झालं?

शॉन शर्मनचा जन्म १९७४ चा, अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात, पाइन रिज इथल्या ओग्लाला लकोटा लोकांच्या राखीव क्षेत्रात. लकोटांचं जगणं बायसन या रानगव्यासारख्या जनावरावर उभं होतं. एकोणिसाव्या शतकात कोट्यवधी बायसन मारले गेले, शतक सरता सरता हजारभरसुद्धा उरले नाहीत. माणसं राखीव जमिनीत कोंडली गेली आणि सरकारी शिध्यावर आली. शॉनच्या लहानपणीही घरात तेच होतं: डब्यातलं मांस, दुधाची पावडर, मैदा, तेल. मैद्याची तळलेली ‘फ्राय ब्रेड’ आज आदिवासी पदार्थ म्हणून मिरवते, पण ती या शिध्यातूनच जन्मली. मधुमेहाने या वस्त्यांत घर केलं, त्यात या खाण्याचा वाटा मोठा.

तेराव्या वर्षी शॉन हॉटेलात कामाला लागला. पुढे मिनिआपोलिसमध्ये मुख्य शेफ झाला, युरोपातले पदार्थ त्याच्या हातात बसले. मग थकून काही काळ मेक्सिकोत राहिला. तिथे हुइचोल लोकांनी आपली कला, आपलं खाणं जपलेलं पाहिलं, आणि त्याला प्रश्न पडला: लकोटांचे किती पदार्थ मला येतात? जवळजवळ एकही नाही. शोधायला पुस्तकंही फारशी नव्हती. मग म्हाताऱ्या माणसांना विचार, रानातल्या वनस्पती ओळख, जुन्या नोंदी चाळ, असं सुरू झालं.

२०१४ मध्ये त्याने ‘द सू शेफ’ सुरू केलं. मुख्य शेफच्या हाताखालच्याला सू-शेफ म्हणतात आणि लकोटांना बाहेरचे लोक ‘सू’ म्हणतात, अशी ती कोटी. २०२१ मध्ये मिनिआपोलिसला मिसिसिपीच्या काठी ‘ओवाम्नी’ उघडलं. तिथे गहू नाही, दूधदुभतं नाही, उसाची साखर नाही, गाय, डुक्कर, कोंबडी नाही. म्हणजे युरोपियनांनी आणलेलं काहीच नाही. मग उरतं काय? बायसन, हरीण, मका, घेवडे, भोपळे, मेपलचा पाक आणि रानतांदूळ. २०२२ मध्ये देशातलं सर्वोत्तम नवं रेस्टॉरंट म्हणून त्याला जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला.

पण पुरस्कारविजेत्या हॉटेलात पाइन रिजचं गरीब कुटुंब जेवायला येणार कसं? मला शॉनचं खरं काम त्याच्या ना-नफा संस्थेत दिसतं. तिच्या ‘इंडिजिनस फूड लॅब’ या स्वयंपाकघरात मूळ रहिवासी असलेल्या तरुणांना शिकवलं जातं. कोविडच्या काळात तिथूनच आदिवासी वस्त्यांना जेवण गेलं.

त्यातला रानतांदूळ तर बघण्यासारखा. तो खरा तांदूळ नव्हे, तळ्यात उगवणाऱ्या गवताचं लांब, काळपट बी. मिनेसोटात आजही तो होडीतून काढतात: एकजण बांबूसारख्या काठीने होडी ढकलतो, दुसरा दोन हलक्या दांडक्यांनी कणसं होडीवर वाकवून झोडतो. काही दाणे पाण्यात पडतात. तेच पुढच्या वर्षीचं बियाणं.