‘तात्पुरते’ उखडलेले रूळ

सेवेत असताना ‘तात्पुरते’ हा शब्द मी असंख्य फायलींवर लिहिला. त्या शब्दाचे आयुष्य किती लांबू शकते, हे मला निवृत्तीनंतर रेल्वेच्या इतिहासाने शिकवले.

दुसऱ्या महायुद्धात पोलादाची चणचण भासू लागली, तेव्हा सरकारची नजर छोट्या रेल्वेमार्गांकडे वळली. रूळ वितळवावेच लागतात असे नाही. ते उचलून दुसरीकडे जसेच्या तसे अंथरता येतात. मुख्य मार्गांवरून सैन्य आणि दारूगोळा जात असल्याने त्यांना हात लावणे शक्य नव्हते. कुऱ्हाड पडली ती कमी उत्पन्नाच्या फाट्यांवर. मलबारमधील शोरनूर–निलंबूर मार्ग १९४१ मध्ये उखडला गेला. मदुराई–बोडिनायक्कनूर आणि कांगडा खोऱ्यातील नगरोटा–जोगिंदरनगर हे मार्ग १९४२ मध्ये.

कांगड्याचे उदाहरण बोलके आहे. शानन जलविद्युत प्रकल्पाची अवजड यंत्रे डोंगरात नेण्यासाठी ही अरुंदमापी रेल्वे बांधली गेली. १९२९ मध्ये ती प्रवाशांसाठी खुली झाली. वीज सुरू झाल्यावर सरकारची गरज संपली, पालमपूर-बैजनाथच्या लोकांची नव्हे. त्यांची गाडी परतली ती थेट १९५४ मध्ये. काढलेल्या लोखंडाचा हिशेब टनांत मांडता येतो. बारा वर्षांच्या पायपिटीचा हिशेब कोणत्या खात्यात मांडायचा?

हे तिन्ही मार्ग स्वातंत्र्यानंतर पुन्हा सुरू झाले. तमिळनाडूतील मोरप्पूर–धर्मपुरी–होसूर या अरुंदमापी मार्गाचे भाग्य तसे नव्हते. तो १९४१ मध्ये बंद झाला आणि ती अरुंदमापी गाडी पुन्हा आलीच नाही. त्यापैकी मोरप्पूर–धर्मपुरी टप्प्यासाठी २०१९ मध्ये कोनशिला बसली, तीही नव्याने भूसंपादन करण्याची पाळी येऊन.

युद्धकाळातील निर्णयाला मी दोष देणार नाही. संकटात राज्याला कठोर व्हावेच लागते. दोष आहे तो परतीची मुदत नसलेल्या आदेशाचा. तो दोष शांतताकाळातही सुटलेला नाही. रुंदीकरणासाठी २०१० च्या अखेरीस बंद झालेल्या बोडीला रेल्वे पुन्हा पोहोचली जून २०२३ मध्ये, म्हणजे महायुद्धाने घेतली होती जवळपास तेवढीच वर्षे घेऊन.

म्हणून मार्ग बंद करणाऱ्या प्रत्येक आदेशात दोन कलमे अनिवार्य असावीत: पुनर्विचाराची तारीख, आणि रूळ गेले तरी त्याखालची जमीन रेल्वेकडेच अखंड राहील याची हमी. लोखंड पुन्हा मिळते. हातची गेलेली वाट सहजासहजी मिळत नाही.