फाइल रिकामी का राहिली?

भोसरीतल्या एका वर्कशॉपमधून प्रश्न आला आहे. टेस्ट बेंचवर दर दहा सेकंदांनी पंपाचं प्रेशर मोजलं जातं आणि सी भाषेतला प्रोग्राम ते फाइलमध्ये लिहितो. मध्येच वीज गेली. नंतर फाइल उघडली तर शेवटची पंधराएक मिनिटं कोरी! 'स्क्रीनवर तर आकडे दिसत होते. व्हायरस असेल का?'

व्हायरस नाही. फाइलमध्ये लिहिणारं सीचं फंक्शन 'एफप्रिंटएफ' मजकूर थेट डिस्कवर पाठवतच नाही. आधी तो मेमरीतल्या बफरमध्ये साठतो. चाकण चौकातली शेअर रिक्षा सीट भरल्याशिवाय हलत नाही, तसाच हा बफर. लिनक्सवर तो बहुधा 4096 बाइटचा असतो. चाळीस अक्षरांची एक ओळ धरली तर शंभरएक ओळी, म्हणजे तुमच्या हिशेबाने सतरा मिनिटं. स्क्रीनवर मात्र ओळ संपली की मजकूर लगेच जातो, म्हणून तिथे आकडे दिसले.

फाइलमध्ये लिहिण्याची ही सोय कुणाची? सी म्हटलं की ती घडवणारे डेनिस रिची आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण याची सुरुवात बेल लॅब्समधल्या माइक लेस्क यांनी केली. सी वेगवेगळ्या यंत्रांवर जाऊ लागली होती आणि प्रत्येकाची फाइल हाताळण्याची तऱ्हा निराळी. तेव्हा 1972 मध्ये लेस्क यांनी कुठेही चालेल असं इनपुट-आउटपुट पॅकेज लिहिलं. त्यावरच पुढे संस्कार होऊन आजची 'स्टँडर्ड आय-ओ' तयार झाली. (याच लेस्क यांनी 'लेक्स' हे प्रोग्रामिंगचं साधन लिहिलं, आणि त्यात त्यांच्या जोडीला होते पुढे गूगलचे प्रमुख झालेले एरिक श्मिट!) कॉलेजात सी शिकवताना लेस्क यांचं नावही निघत नाही, हे मला खटकतं.

उपाय सोपा वाटतो: प्रत्येक रीडिंगनंतर बफर रिकामा करणारं 'एफफ्लश'. प्रोग्राम कोसळला तर तेवढं पुरतं. वीज गेली तर नाही, कारण मजकूर ऑपरेटिंग सिस्टीमपाशीच असतो. डिस्कवर उतरायला आणखी तीसेक सेकंद लागू शकतात. त्यासाठी 'एफसिंक' हवं, आणि ते सीच्या प्रमाणित लायब्ररीत नाही, युनिक्सकडून मिळतं. दहा सेकंदांना एकदा ते सहज परवडतं. सेकंदाला हजार रीडिंग असतील तर प्रोग्राम रखडेल.

पिंपरीपासून चाकणपर्यंत हल्ली 'इंडस्ट्री 4.0'च्या गप्पा जोरात आहेत. डॅशबोर्ड आणि एआय नंतर आणा, आधी आकडे डिस्कवर नीट उतरू द्या. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणार हे आधी माहीत असतं, ती मधेच कधी जाईल हे नसतं. आणखी एक: डिस्क भरली असेल तर ते बऱ्याचदा फाइल बंद करणाऱ्या 'एफक्लोज'च्या वेळीच कळतं. सगळं ठीक असेल तर 'एफक्लोज' शून्य देतं; तसं देतं का, हे तपासणारी ओळ आजच प्रोग्राममध्ये घाला.