लंगोट बांधू की डायपर घेऊ?

ऑगस्टमधली गोष्ट. चार दिवस पावसाने उघडीप दिली नव्हती. गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं होतं. मी सिडकोत बहिणीकडे गेले, तर हॉलमध्ये बसायला जागा नाही. पंख्याखाली, खुर्च्यांच्या पाठीवर, खिडकीच्या गजांना, जिकडेतिकडे लंगोट! भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ सव्वा महिन्याचं. आणि मायलेकींची चांगलीच जुंपलेली.

"मावशी, तूच सांग गं आईला. एक लंगोट वाळेपर्यंत चार ओले होतात. दिवसभर डायपरच घालू या ना!"

"घाला, घाला! तुम्ही दोघं भावंडं लंगोटातच वाढलात. काही बिघडलं का तुमचं?" बहिणीचा आवाज चढलेला.

या भांडणात बाळाचं बूड मात्र लालभडक झालं होतं. दिवसा अर्धवट वाळलेले दमट लंगोट आणि रात्री एकच डायपर, तोही सकाळपर्यंत. म्हणजे चूक दोन्हीकडची. बालरोगतज्ज्ञांना दाखवलं, तर त्यांनी कुणाचीच बाजू घेतली नाही. बाळाची त्वचा ओली ठेवू नका, काय बांधता ते नंतर बघू, असं ते म्हणाले. मैत्रिणींनो, सगळ्या प्रश्नाचं सार मला त्या वाक्यात दिसलं.

हल्ली बाजारात कापडी डायपरचेच इतके प्रकार आलेत, की नवी आई गोंधळून जाते. ते एकदा नीट समजून घेऊ या.

पहिला आपला घरचा लंगोट. आजीच्या मऊ सुती लुगड्याचा, आजोबांच्या धोतराचा नाहीतर मलमलीचा चौकोनी तुकडा, त्याची त्रिकोणी घडी किंवा शिवलेला नाडीचा लंगोट. खर्च जवळपास शून्य, हवा खेळती राहते, धुवायला सोपा आणि एकपदरी असल्याने सगळ्यात लवकर वाळतो. शिवाय बाळाने शू केली की लगेच कळतं. हा फायदा लहान नाही बरं का! पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवस-रात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा शू करत असेल, तर दूध पुरतंय अशी ती मोठी खूण असते. तोटा एकच, दर वेळी दुपटं, झबलं आणि आईची साडीही ओली!

यावर उपाय म्हणून एकेकाळी प्लास्टिकची चड्डी वापरायचे. तिच्यात हवा कोंडायची आणि बाळाला पुरळ यायचं. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन नावाच्या एका आईने १९४६ च्या सुमारास न्हाणीघराचा पडदा कापून शिवणयंत्रावर लंगोटावरचं कव्हर शिवलं, आणि १९५१ मध्ये तिला त्याचं पेटंटही मिळालं. आजची कव्हरं त्याच कल्पनेची सुधारलेली रूपं. कापडाला आतून पातळ थर दिलेला असतो. पाणी बाहेर येत नाही, पण थोडी हवा जाते.

म्हणून दुसरा प्रकार, कव्हर आणि घडी. आत आपलाच सुती लंगोट घडी करून ठेवायचा, वरून कव्हर लावायचं. आतली घडी बदलायची. कव्हर शीने भरलं नसेल तर पुसून, हवेवर सुकवून पुन्हा वापरता येतं. तीन-चार कव्हरांत भागतं. माझ्या मते मध्यमवर्गीय घराला हा सगळ्यात परवडणारा प्रकार.

तिसरा पॉकेट डायपर. याला खिसा असतो, त्यात शोषून घेणारी पट्टी सरकवायची. धुताना पट्टी बाहेर काढली की दोन्ही वेगवेगळे वाळतात. पट्टी मायक्रोफायबरची असेल तर ती खिशातच हवी. थेट त्वचेला लागली तर त्वचा कोरडी पडते. सुती पट्टी सावकाश शोषते, पण धरून चांगली ठेवते.

चौथा 'ऑल इन वन', म्हणजे सगळं एकत्र शिवलेलं. घालायला सोपा, पाळणाघरातल्या ताईंनाही जमतो. पण जाड असल्यामुळे पावसाळ्यात वाळता वाळत नाही आणि महागही पडतो.

यातला कुठला घ्यायचा? मी तर म्हणेन, आधी आपली दोरी बघा, मग दुकान! गच्ची आहे का? ऊन येतं का? पाणी रोज किती वेळ येतं? धुणार कोण? फ्लॅटच्या आतल्या बाल्कनीत जाड डायपर वाळायचे नाहीत. तिथे पातळ घड्या आणि कव्हरच बरं. घेताना एकदम डझनभर घेऊ नका. एक-दोन आणून आठवडाभर वापरून बघा. मांडीशी इलॅस्टिक काचत नाही ना, पाय मोकळे हलतात ना, हे तपासा. वेलक्रोपेक्षा टिचबटणं जास्त टिकतात.

पैशाचंही गणित मांडू. विकतचा डायपर १० रुपयांना आणि दिवसाला ६ धरले, तर महिन्याला १८०० रुपये होतात, दोन वर्षांत ४३ हजारांच्या वर! याउलट ४०० रुपयांचे बारा पॉकेट डायपर घेतले तर ४८०० रुपये. वर पाणी, साबण आणि श्रम. पुढच्या बाळालाही तेच चालतात.

कपडा वापरला की पर्यावरण आपोआप वाचतं, असं मात्र समजू नका. ब्रिटनमध्ये २००८ साली याचा सरकारी अभ्यास झाला. दोन्ही प्रकारांचा भार जवळपास सारखाच निघाला, कारण तिकडे कडक गरम पाणी आणि वाळवायला वीज. बाहेर दोरीवर वाळवले, मशीन भरून धुतले आणि दुसऱ्या बाळाला वापरले, तर कापडाचं पारडं जड होतं. आपल्याला ऊन फुकट मिळतं, त्याचा फायदा घ्यावा.

वस्तीत काम करताना मी घंटागाडीवरच्या माणसांना बघते. कुणीतरी शीसकट डायपर ओल्या कचऱ्यात टाकलेला असतो, तो त्यांना हातानेच वेगळा काढावा लागतो. २०१६ च्या घनकचरा नियमांतही डायपर नीट गुंडाळून द्या असं सांगितलं होतं. तेव्हा विकतचा वापरलात तरी शी आधी संडासात टाका, डायपर कागदात गुंडाळून वेगळा द्या. आपल्या बाळाची घाण दुसऱ्याच्या हाताला का लागावी?

धुण्याच्या चार गोष्टी. नवे सुती डायपर वापरण्याआधी चार-पाच वेळा धुवा, मगच ते नीट शोषतात. आधी गार पाण्यात खळबळून काढा, मग साबणाने धुवा. साबण पूर्ण निघू द्या. कपडे मऊ करणारी द्रव्यं टाळा, त्यांनी शोषण कमी होतं. दमट लंगोट कधीच बांधू नका. पावसाळ्यात सुती लंगोटावर शेवटी इस्त्री फिरवा, कव्हरवर मात्र नको. पुरळ दोन-तीन दिवसांत ओसरलं नाही, किंवा मांडीच्या घड्यांत लाल ठिपके दिसले, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जा.

आमच्याकडे शेवटी मधला मार्ग निघाला. दिवसा घरचे लंगोट, बाहेर जाताना आणि रात्री कापडी डायपर, लांबच्या प्रवासाला विकतचा. रात्रीही ओला झाला की उठून बदलायचा. आठवड्यात बाळाचं अंग निवळलं.

पण खरा प्रश्न धुणार कोण हा होता. बाळंतिणीने पाण्यात हात घालायचा नाही, आणि पन्नाशीच्या बहिणीची कंबर भरून आलेली. रविवारी जावईबापू आले, तेव्हा मी धीर करून म्हटलं, "अहो, बाळ दोघांचं, मग बादली एकटीची कशी?" ते ओशाळले. पण उठले आणि सगळे लंगोट पिळून वाळत घातले. बहीण आधी "अहो, राहू द्या हो, बरं दिसत नाही," म्हणत राहिली. मग गप्प झाली.

डायपर कुठलाही निवडा मैत्रिणींनो, पण बादली कोण उचलणार ते आधी ठरवा.