मोळभर माळ आणि शटरचा हिशोब

"कै एल्लि?" कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत अक्कांनी विचारलं. हात कुठंय?

प्रश्न रास्त होता. बेंगळुरूच्या के. आर. मार्केटमध्ये भल्या पहाटे मी त्यांचा माळ मोजतानाचा फोटो काढला होता. इथं ओवलेली फुलं 'मोळ'वर विकतात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ, म्हणजे आपला जुना 'हात'च. माळ कोपराशी धरायची, बोटापर्यंत ताणायची, चिमटीत पकडून पुन्हा कोपराशी आणायची. आपण खिशातून पाकीट काढेपर्यंत अक्कांचे पाच मोळ मोजून झालेले असतात. माझ्या फोटोत अबोलीची टोपली (इथं तिला कनकांबर म्हणतात) झकास आली होती, मागची शेवंतीची पोतीही आली होती. अक्कांचा हात मात्र कोपराखाली धुरासारखा विरून गेला होता.

चूक माझी होती. सगळं स्पष्ट यावं म्हणून मी अ‍ॅपर्चर ११ वर नेलं आणि शटर कॅमेऱ्यावर सोपवलं. त्या अंधारात छिद्र एवढं बारीक केल्यावर कॅमेऱ्यानं शटर १/१५ सेकंद उघडं ठेवलं. तेवढ्यात अक्कांचा हात कोपरापासून निघून पुढं पोचलासुद्धा.

मॅन्युअल मोड शिकायचा तो का, हे मला त्या विरलेल्या हातानं समजावलं. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं लहानमोठं होणारं छिद्र. त्याचा आकडा म्हणजे लेन्सच्या फोकल लेंग्थला छिद्राच्या व्यासानं भागून आलेलं उत्तर. ५० मिलिमीटरच्या लेन्सला आकडा २ असेल तर छिद्र २५ मिलिमीटरचं, ४ असेल तर साडेबारा. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ चौथाई होतं, म्हणून २ वरून ४ वर जाताना प्रकाश दोनदा निम्मा होतो. मधला मुक्काम २.८. लेन्सवरची १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही चमत्कारिक दिसणारी माळ अशीच ओवली आहे. दर मण्याला प्रकाश निम्मा. शटरचं गणित सरळ आहे: १/१५, १/३०, १/६०, १/१२५, १/२५०. इथंही दर पायरीला निम्मा. या पायरीला फोटोवाले 'स्टॉप' म्हणतात.

आता गंमत बघा. त्या पहाटे आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) ८०० ला माझा हिशोब होता ११ आणि १/१५. त्याऐवजी ८ आणि १/३० चाललं असतं. ५.६ आणि १/६०, ४ आणि १/१२५, २.८ आणि १/२५०, हेही. एकीकडे एक स्टॉप दिला, दुसरीकडे एक काढून घेतला. पाचही फोटो सारखेच उजळ आले असते, पण पाचांत पाच वेगवेगळ्या गोष्टी दिसल्या असत्या. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर फक्त बेरीज सांगतो. त्यातली कोणती जोडी घ्यायची, हे त्याला ठाऊक असण्याचं कारणच नाही. अक्कांचा हात महत्त्वाचा की मागची पोती, हे ज्यानं कॅमेरा धरलाय त्यानंच ठरवायचं असतं.

हात थिजवायचा म्हणून १/२५० घेतलं, तर अ‍ॅपर्चर २.८ वर येतं. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरच्या लेन्सनं दीड मीटरवरून बघितलं तर तिथं जेमतेम १५ सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. बोटं स्पष्ट आली तर चेहरा मऊ पडतो. ८ ला हाच पट्टा ४३ सेंटिमीटरच्या आसपास जातो, पण शटर १/३० वर उतरतं. फार दिवस मला वाटायचं की यातून सुटायची काही युक्ती असेल. एक आहे: लांब जायचं. मार्केटच्या वरच्या मजल्यावरून खाली फुलांच्या राशींकडे बघितलं, की आठ मीटरवर २.८ लाही चार मीटरहून जास्त खोली स्पष्ट मिळते. बेंगळुरूतले फोटोवाले त्या कठड्याशी का गर्दी करतात, याचं निम्मं उत्तर या गणितात आहे. मात्र वरून चिमटीतला दोरा दिसत नाही.

आणखी एक अडचण मला बरीच उशिरा उमगली. विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा, म्हणून दुकानावर टांगलेले स्वस्तातले दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण १/१०० पेक्षा जलद शटरला कळतं आणि फोटोवर काळपट पट्टे उमटतात. म्हणून दिव्याखाली मी १/१०० वर थांबतो आणि माळ ताणून झाल्यावर हात क्षणभर टेकतो, तो क्षण धरायला बघतो. (बेंगळुरूतले विजेचे पहिले रस्त्यावरचे दिवे १९०५ मध्ये याच मार्केटच्या परिसरात लागले, शिवनसमुद्रच्या विजेवर.) मोगऱ्याच्या राशीसमोर तर मीटरवरही विसंबता येत नाही. समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं तो धरून चालतो आणि पांढराशुभ्र मोगरा मळकट करून ठेवतो. तिथं एक स्टॉप वाढवून द्यावा लागतो.

या शहरात हे सगळं पडद्याशिवाय शिकलेली माणसं होऊन गेली. डॉ. जी. थॉमस यांनी १९५३ मध्ये फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी उभी केली. वन्यजीवांचे छायाचित्रकार टी. एन. ए. पेरुमाळ २०१७ मध्ये गेले. त्यांच्या पिढीला ३६ फ्रेमच्या रोलचा निकाल बघायला मिळायचा तो डेव्हलप झाल्यावरच. स्लाइड फिल्मला एका स्टॉपची चूकही झेपत नसे. पक्षी घरट्यावर उतरायच्या आधीच जोडी मनात ठरलेली असायची. त्यांचे फोटो बघताना मला आधी हा निर्णय दिसतो, पक्षी नंतर.

पुढं अनेक रविवार मी अक्कांसमोर उभा राहिलो. शेवटी ४ आणि १/१०० ला, हात टेकल्या क्षणी, तो फोटो मिळाला: पाचही बोटं, चिमटीतला दोरा, अबोलीच्या पाकळ्या. त्याची प्रिंट अक्कांनी दुकानातल्या तसबिरीमागं खोचून ठेवली आहे. घरच्या भिंतीवर मात्र मी पहिलाच लावला, विरलेल्या हाताचा. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.