दहा दिवसांच्या सेवेचा हिशेब

अमेरिकेत उन्हाळी सुटी लागली की तेथील विमानतळांवर एक दृश्य हमखास दिसते. एकाच रंगाचे सदरे घातलेली पंधरा-वीस मुलेमुली, सोबत दोनचार पोक्त माणसे, एखादा पाळक, आणि फुगे, खडू, औषधे व जुने कपडे यांनी ठासून भरलेल्या बॅगा. ही मंडळी आपल्या चर्चच्या वतीने ग्वाटेमाला, होंडुरास, मेक्सिको अशा एखाद्या देशात आठ-दहा दिवसांच्या 'मिशन'वर निघालेली असतात. तेथे ती एखादे घर बांधतील, शाळेच्या भिंती रंगवतील, सुटीतील बायबलशाळा भरवतील, अनाथाश्रमातील लेकरांना कडेवर घेतील आणि निरोपाच्या वेळी डोळे पुसत परततील. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथ्नाऊ यांच्या २००५ मधील पाहणीवरून अमेरिकेतील सुमारे १६ लाख चर्च-सदस्य दरवर्षी असे परदेशी जातात, असे अनुमान निघाले होते.

या प्रवाशांची टिंगल करणे सोपे आहे. पण प्रस्तुत लेखकाचा तो हेतू नाही. दौऱ्याच्या खर्चासाठी ही मुले शनिवारी लोकांच्या मोटारी धुतात, केक करून विकतात, नातेवाइकांना पत्रे लिहून मदत मागतात. सुटीत समुद्रकिनाऱ्यावर लोळण्याऐवजी परक्या देशात विटा वाहण्याची इच्छा होणे, ही कोणत्याही समाजाला भूषणावह गोष्ट होय. प्रश्न सद्भावनेचा नसून विटांचा आहे.

ऑक्टोबर १९९८ मध्ये 'मिच' या चक्रीवादळाने होंडुरासची दैना उडविली. त्यानंतर उत्तर अमेरिकेतील अनेक चर्चची पथके तेथे घरे बांधण्यास गेली. होंडुरासमध्येच वास्तव्य असलेले कॅल्विन महाविद्यालयाचे प्राध्यापक कर्ट वर बीक यांनी या घरांचा पुढे बारकाईने अभ्यास केला व तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवासखर्च धरता पथकांनी बांधलेले एकेक घर सरासरी ३० हजार डॉलरला पडले होते. तेथीलच एक ख्रिस्ती संस्था स्थानिक गवंड्यांकरवी तसेच घर २ हजार डॉलरमध्ये उभे करीत होती. म्हणजे एका घराच्या पैशात पंधरा घरे झाली असती, आणि पंधरा घरांची मजुरी गावातच राहिली असती. घर कोणी बांधले, याने त्यात राहणाऱ्या कुटुंबाच्या पुढील आयुष्यात काही लक्षणीय फरक पडल्याचेही वर बीक यांना दिसले नाही.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते, आणि ते अर्थशास्त्राच्या दृष्टीने अगदीच पोकळ नाही. दौराच नसता तर हा पैसा गोळाच झाला नसता. भाचीच्या विमानतिकिटासाठी मावशी जे शंभर डॉलर देते, ते होंडुरासमधील अनोळखी गवंड्याच्या मजुरीसाठी ती देणार नाही. शिवाय जो एकदा दारिद्र्य डोळ्यांनी पाहून येतो, तो जन्मभर दान करीत राहतो, असेही म्हणतात. पहिला मुद्दा मान्य करावा लागतो. दुसरा मात्र तपासता येण्याजोगा आहे. वर बीक यांनी तोही तपासला. परतलेल्यांच्या दानात किंवा वागणुकीत टिकाऊ म्हणावी अशी वाढ फारशी आढळली नाही.

हे वाचताना मला माझेच दिवस आठवले. राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी या नात्याने मी काही वर्षे विद्यार्थ्यांना घेऊन खेड्यात सात दिवसांच्या शिबिराला जात असे. एका वर्षी आमच्या मुलांनी शाळेपुढील वडाला पार बांधला. मुले खपली खूप. हातांना फोड आले, समारोपाच्या दिवशी सरपंचांनी नारळ दिला, मी भाषण केले. काही महिन्यांनी त्या गावी जाणे झाले तेव्हा पाराची एक बाजू नव्याने बांधलेली दिसली. आमची बाजू पहिल्याच पावसात खचली होती. गावातील गवंडी शेजारीच उभा होता. तो तक्रारीच्या सुरात बोलला नाही. उलट, "पोरांनी मन लावून केलं होतं, सर," एवढेच म्हणाला. शिबिराचे सातही दिवस तो रिकामा बसून आमचे काम पाहत होता, हे त्या वेळी माझ्या ध्यानातही आले नव्हते. वर्गात 'संधी-खर्च' ही संकल्पना मी दरवर्षी शिकवितो. ती मला त्या पाराशी उमगली, हे कबूल केले पाहिजे.

पार खचला तर पुन्हा बांधता येतो. मुलांची गोष्ट वेगळी आहे. अनाथाश्रमाला भेट हा या दौऱ्यांतील सर्वांत हृद्य भाग असतो, आणि नेमका तोच सर्वांत घातक ठरला आहे. पाहुणे येतात, देणग्या देतात. देणग्या मुलांच्या संख्येवर अवलंबून असतात. आणि मग मुले 'पुरविली' जाऊ लागतात. कंबोडियात २००५ नंतरच्या पाच वर्षांत अशा संस्थांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. त्या काळात देशातील अनाथांची संख्या वाढलेली नव्हती. वाढले होते ते पर्यटक. संस्थांतील बहुतेक मुलांच्या आईवडिलांपैकी निदान एक जण हयात होता. मागणी पुरवठा निर्माण करते, याचे इतके क्रूर उदाहरण पाठ्यपुस्तकात घालण्यास मी धजावणार नाही. शिवाय दर पंधरवड्याला नवा 'ताई-दादा' येऊन गळ्यात पडतो व निघून जातो, त्याचा लेकरांच्या मनावर काय परिणाम होतो, हे सांगण्यास मानसशास्त्रज्ञ कशाला हवा? ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराचीही दखल घेतली, ती यामुळेच.

हैतीत १२ जानेवारी २०१० रोजी भूकंप झाला. त्याच महिनाअखेरीस अमेरिकेतील एका बॅप्टिस्ट चर्चगटाच्या दहा जणांना ३३ मुलांसह सीमा ओलांडून डोमिनिकन प्रजासत्ताकात जाण्याच्या प्रयत्नात अटक झाली. आवश्यक कागदपत्रे त्यांच्याजवळ नव्हती. आपण अनाथांना वाचवीत आहोत, अशी त्यांची समजूत होती. पुढे उघड झाले की, बहुतेक मुलांचे आईवडील जिवंत होते. कालेबास या डोंगरातील गावच्या पालकांनी तर मुले स्वतःच्या हातांनी स्वाधीन केली होती. का? तर ती शिकतील म्हणून. हैतीतील प्राथमिक शाळांपैकी ८० टक्क्यांहून अधिक शाळा खासगी आहेत आणि फी भरल्यावाचून तेथे प्रवेश नाही. त्या पालकांना निर्दय म्हणण्यापूर्वी, शिक्षणासाठी पोटच्या पोराला दूरच्या आश्रमशाळेत ठेवणारी आपल्याकडील किती घरे आपण पाहिली आहेत, हे आठवावे.

या सर्व प्रकाराला 'मिशन' हा शब्द लावला जातो, तेव्हा मराठी माणसाला थोडे नवल वाटते. आपल्याला ठाऊक असलेले अमेरिकन मिशन निराळे होते. सिंथिया फॅरार ही अविवाहित बाई १८२७ मध्ये मुंबईत उतरली, मुलींच्या शाळा चालवीत राहिली आणि १८६२ मध्ये अहमदनगरलाच वारली. तिची नगरची शाळा पाहून जोतीराव फुल्यांच्या मनात मुलींच्या शिक्षणाचा विचार बळावला. त्या मिशनच्या धर्मांतराच्या हेतूविषयी मतभेद असतील, आहेतही; परंतु पस्तीस वर्षे राहणाऱ्या माणसाला लोकांची भाषा शिकावी लागते, त्यांची टीका ऐकावी लागते आणि आपण बांधलेले खचले तर ते पाहावेही लागते. दहा दिवसांच्या पाहुण्यावर यांपैकी कोणतेच ओझे नसते. स्वतः धर्मगुरू असलेल्या इव्हान इलिच यांनी एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे अमेरिकन विद्यार्थिस्वयंसेवकांना तोंडावरच बजावले होते की, पाहायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, परंतु मदत करायला येऊ नका. श्रोत्यांना ते रुचले नसणार.

इलिच यांच्याइतके टोक गाठण्याची आवश्यकता नाही. जेथे शस्त्रक्रियेसारखे कौशल्य खरोखरच उपलब्ध नसते, तेथे आठ दिवसांसाठी येणारा शल्यविशारदही मोलाचा असतो. स्थानिक डॉक्टरला शिकवून गेला तर अधिकच. वीस जणांचे एखादे पथक, माणशी २ हजार डॉलर धरले तरी, ४० हजार डॉलर खर्च करते. त्यांपैकी दोघांनीच जावे, स्थानिक चर्चमधील माणसांशी बसून बोलावे, आणि उरलेल्या अठरा जणांच्या तिकिटांचे ३६ हजार डॉलर मुलांच्या फीसाठी व गवंड्यांच्या मजुरीसाठी ठेवून यावे, असे एखाद्या पाळकाने आपल्या मंडळीला सांगून पाहावे. मोटारी धुण्यासाठी त्या शनिवारी किती मुले येतात, ते तेव्हा कळेल.