पितळी पुंगळ्या आणि घरातलं शिसं

टेबलाला आवळून बसवलेलं घरगुती यंत्र म्हटलं की आपल्याला शेवयांचं यंत्र आठवतं. अमेरिकेत मात्र काही घरांच्या गॅरेजमध्ये किंवा तळघरात जाड फळीवर एक वेगळाच प्रेस बोल्टने पक्का केलेला असतो. दांडा खाली ओढायचा, वर सोडायचा. एकेक पायरी करत शेवटी हातात येतं ते पिस्तुलाचं काडतूस! झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी पुन्हा भरायची, याला तिकडे रीलोडिंग म्हणतात. स्वतःच्या वापरापुरतं भरायला तिथल्या केंद्रीय कायद्याने परवाना लागत नाही. विकायचं असेल तर लागतो.

आपल्याकडे असलं काही मनातही आणायचं नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. मग बायकांच्या पानावर हा विषय कशाला? तर मैत्रिणींनो, कारण आहे शिसं. ते त्या टेबलावरून उठतं आणि थेट घरात शिरतं.

हा छंद तिकडे जुना आहे. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३मध्ये वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या बाजूला काम सुरू केलं. महायुद्धामुळे मालाची टंचाई होती, म्हणून वापरलेल्या छोट्या पुंगळ्यांपासून गोळ्यांची आवरणं बनवण्याचे साचे त्यांनी तयार केले. त्यातून उभी राहिलेली आरसीबीएस ही या प्रेसची नावाजलेली कंपनी. टंचाई आली की हा छंद वाढतो. २०२०मध्ये अमेरिकेतल्या दुकानांतून काडतुसं गायब झाली तेव्हाही लोक या यंत्रांकडे वळले. शिवाय स्पर्धेत उतरणारा माणूस एका सरावात शेकडो काडतुसं झाडतो आणि एक पुंगळी कितीतरी वेळा भरता येते. काटकसर आपल्याला काही नवी नाही, नाही का?

प्रेस काय करतो? झाडताना फुगलेली पुंगळी साच्यात दाबून मूळ मापाला आणतो, बुडातली जळलेली टोपी काढून नवी बसवतो. मग मोजून दारू पडते (बंदुकीची हो!) आणि वरून गोळी बसते. हे वजन ग्रेनमध्ये करतात. एक ग्रेन म्हणजे सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मं! पिस्तुलाच्या पुंगळीत दारू बऱ्याचदा अर्ध्यापर्यंतही येत नाही, त्यामुळे चुकून दोनदा पडली तरी ती मावून जाते. मग पिस्तूल हातातच फुटू शकतं. म्हणून टीव्ही बंद, फोन बंद. पापड लाटताना गप्पा मारता येतात, इथे नाही.

पण या धोक्याबद्दल यंत्राच्या पुस्तिकेत ठळक छापलेलं असतं. माणूस सावध असतो. शिशाचा आवाज होत नाही, वासही येत नाही. गोळीत शिसं असतं हे सगळ्यांना ठाऊक, पण नेहमीच्या टोपीतल्या मसाल्यातही शिशाचं संयुग असतं. झाडल्यावर त्याची काजळी पुंगळीच्या आत बसते. मग ती पुंगळी चकचकीत करायची. आपण पितळेला चिंच लावतो, ते कुणी अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात यंत्रावर घोळवतात, तर कुणी सायट्रिक आम्ल घातलेल्या पाण्यात. कोरडा भुसा चाळताना जी धूळ उडते, तीच सगळ्यात वाईट. हातावर, बाहीवर, बुटांवर बसून ती स्वयंपाकघरापर्यंत येते. पाण्याने धुतलं तर धूळ टळते, पण ते काळं पाणी भांड्यांच्या सिंकमध्ये ओतलं तर काय उपयोग?

१९७८च्या अमेरिकन नियमानुसार हवेत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त शिसं असलेल्या कारखान्यात कपडे बदलायला वेगळी खोली द्यावी लागते. कामाच्या कपड्यांत कामगाराला घरी जाऊ द्यायचं नाही. इतकंच नाही, ते कपडे धुणाऱ्यालाही शिशाचे धोके मालकाने लेखी कळवायचे! तळघरातल्या टेबलाला मात्र मालक नाही, निरीक्षक नाही. तो शर्ट बाळाच्या झबल्यांबरोबर एकाच मशीनमध्ये पडतो आणि तो टाकणाऱ्या बाईला कुणी चिठ्ठी लिहून कळवत नाही.

लहान मुलाच्या पोटात शिसं गेलं तर ते मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषलं जातं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि झालेलं नुकसान सहसा भरून येत नाही. २०२१मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने मुलांच्या रक्तासाठी इशाऱ्याची पातळी ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली. सुरक्षित अशी पातळीच नाही. गर्भारपणात आईच्या हाडांत साठलेलं शिसं बाळापर्यंत जातं, म्हणून लेकीच्या बाळंतपणाला तिकडे जाणाऱ्या आयांनी हे जरूर ध्यानात ठेवावं. घरात असं टेबल असेल तर दार बंद, रांगतं मूल आत नाही, केरसुणी अजिबात नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. कपडे वेगळे धुवायचे. जावयाला सांगायला संकोच वाटला तर लेकीने सांगावं!

आणि आपल्या गावातलं म्हणाल, तर राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवल्यापासून नेमबाजी कोल्हापूरबाहेरच्या पोरींनाही खुणावते. तिच्या प्रकारातलं पॉइंट टू-टूचं काडतूस पुन्हा भरण्याजोगं नसतं, कारण मसाला पुंगळीच्या काठातच असतो. घरात प्रेस येण्याचा प्रश्नच नाही. पण शिसं त्यातही असतं आणि नवशिक्या मुली एअर पिस्तुलात ज्या बारीक गोळ्या चिमटीने भरतात, त्याही बहुतेक शिशाच्याच. तेव्हा रेंजवरून आलेली लेक डबा उघडायच्या आधी साबणाने हात धुते का, तेवढं बघा. सॅनिटायझरने शिसं जात नाही. जर्किन बाहेरच्या खुंटीला, बूट उंबऱ्याबाहेर.